ताणणाऱ्या कापडाचा हिशेब
स्टेजवरील स्त्रीवेशाचा झगा शिवणाऱ्या कारागिरांसाठी एक धडा

शिलाईचे काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या हाडात एक सवय मुरलेली असते. माप घेतले की त्यात लूझ मिळवायचे. छाती ३८ असेल तर कुर्त्याला ४२, शर्टाला ४२ किंवा ४३. उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलेले हे गणित आपण म्हातारपणापर्यंत सोडत नाही. मागावर विणलेल्या कापडासाठी हे गणित अगदी बरोबर आहे. परंतु आता बाजारात जे कापड भराभर खपत आहे, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो, त्याचे गणित उलटे आहे. तेथे मिळवायचे नसते, वजा करायचे असते.

हे उलटे गणित समजून घेण्यासाठी मी मुद्दाम एक अवघड नमुना निवडला आहे. स्टेजवर स्त्रीवेश करून नाचणाऱ्या, गाणाऱ्या पुरुष कलावंताचा अंगाला चिकटून बसणारा लांब झगा. या कलेला आज जगभर ड्रॅग म्हणतात. ज्या कारागिराला हा एक झगा बिनचूक शिवता आला, त्याला पोहण्याचा पोशाख, नृत्याचा पोशाख, व्यायामाचे कपडे, लग्नातले स्ट्रेच मखमलीचे ब्लाऊज, काहीही अवघड जाणार नाही.

हे काम कोठून आले?

पुरुषाने स्टेजवर स्त्रीची भूमिका करणे आपल्या मुलखाला नवीन नाही. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी मराठी संगीत नाटकात नायिकांच्या भूमिका केल्या आणि त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची, केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. गुजराती रंगभूमीवर जयशंकर ‘सुंदरी’ (१८८९–१९७५) यांचे नाव असेच गाजले. त्या काळी स्त्रिया स्टेजवर क्वचितच येत, म्हणून पुरुषांना ती भूमिका करावी लागे.

ड्रॅगचे तसे नाही. तेथे वेश हाच खेळ असतो. अमेरिकेत १८८० च्या दशकात वॉशिंग्टन शहरात विल्यम डॉर्सी स्वान नावाचा, गुलामीत जन्मलेला एक माणूस अशा वेशाच्या नृत्यसभा भरवीत असे. १८८८ मध्ये त्याच्या सभेवर पोलिसांची धाड पडली होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पुढे हजारो लोक अशा नृत्यसभा पाहायला जमत. १९९४ च्या ‘प्रिसिला’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटात तीन ड्रॅग कलावंतांचा प्रवास होता. त्याच्या वेशभूषेला पुढच्या वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले. २००९ पासून रुपॉल या कलावंताचा दूरदर्शनवरील स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला आणि या वेशाची मागणी देशोदेशी गेली. आपल्याकडेही गेल्या दशकात मुंबई, दिल्ली, बेंगळुरू या शहरांतील क्लबांत असे कार्यक्रम होऊ लागले. त्या कलावंतांना कपडे शिवून हवे असतात, कारण तयार कपड्यांच्या दुकानात त्यांच्या मापाचे काही मिळत नाही. रुंद खांद्याला बसेल तो झगा कमरेत पोते होतो आणि कमरेला बसेल तो खांद्यावर चढत नाही.

माझी पहिली चूक

काही वर्षांपूर्वी एका तरुण कलावंताने माझ्याकडून काळे चमकीचे लायक्रा घेतले आणि शिवून देणारा कोणी आहे का म्हणून विचारले. मी आमच्या ओळखीच्या मास्टरांकडे त्याला नेले. मास्टर तीस वर्षांचे अनुभवी, हात सफाईचा. त्यांनी त्याचे माप घेतले. छाती ४०, कमर ३४, सीट ३८. स्ट्रेचचे कापड आहे म्हणून लूझ धरले नाही, अंगाचे माप तेच कापडाचे माप ठेवले. वरचा भाग आणि खालचा घेर वेगळा कापून कमरेवर जोड दिला. शिलाई साध्या मशीनवर, सरळ टाक्याची, बारीक आणि देखणी. झगा टांगल्यावर अतिशय सुरेख दिसत होता. मी स्वतः शाबासकी दिली.

कार्यक्रमाच्या रात्री त्या तरुणाचा फोन आला. “चाचा, झगा कमरेत फाटला.” मी विचारले, कापड फाटले का? तो म्हणाला, “नाही चाचा, कापड तसेच आहे. शिवण उसवली.” त्याने टाचण्या लावून ती वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी तो झगा घेऊन आला, ओरडला नाही, भांडला नाही. फक्त म्हणाला, “तुम्ही मला घातलेले पाहिलेच नाही ना.”

हे वाक्य माझ्या मनाला लागले. मी त्याला म्हटले, जसा स्टेजवर उभा राहतोस तसा तयार होऊन दाखव. तो आतल्या खोलीत जाऊन पूर्ण तयारीनिशी आला. कमरेला कॉर्सेट आवळलेले, छातीला पॅड, नितंबांना फोमच्या गाद्या, त्यावर नायलॉनचे तीन घट्ट टाइट्स. मास्टरांनी पुन्हा टेप लावला. छाती ४२, कमर ३२, सीट ४४. आम्ही ज्याचे माप घेतले होते तो माणूस वेगळा आणि ज्याने झगा घातला तो वेगळा. कमरेत झगा दोन इंच सैल, सीटवर सहा इंच कमी. शिवाय ३४ इंचांचा कमरेचा जोड ४४ इंचांच्या गाद्यांवरून वर ओढावा लागला. कापड तेवढे ताणले, सरळ टाक्याचा धागा ताणला नाही. तो तुटला.

मी पैसे परत केले आणि दुसरा झगा स्वखर्चाने शिवून दिला. पुढे जे सांगत आहे ते त्या दुसऱ्या झग्यातून आणि नंतरच्या कामांतून शिकलेले आहे.

कापडाची ओळख

मागावरच्या कापडात उभा आणि आडवा धागा एकमेकांत गुंतलेला असतो. ताणायला जागा नसते. होजिअरीचे कापड फासांच्या साखळीने विणलेले असते, त्यामुळे फास उघडतो आणि कापड ताणते. परंतु साधी होजिअरी ताणली की तशीच राहते. बनियनचा गळा लोंबतो तो याच कारणाने. कापडाला परत मागे खेचणारा धागा म्हणजे स्पॅन्डेक्स. १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने तो तयार केला. इंग्रजीतील ‘एक्सपांड्स’, म्हणजे पसरते, या शब्दाची अक्षरे फिरवून स्पॅन्डेक्स हे नाव झाले. लायक्रा हे त्या धाग्याचे एका कंपनीचे व्यापारी नाव आहे. आपल्या पेठेत मात्र प्रत्येक ताणणाऱ्या कापडाला लायक्रा म्हणतात. म्हणून नावावर जाऊ नका, हातात घेऊन तपासा.

तपासण्याच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, ताण किती? कापडाची आडवी घडी घाला. काठापासून चार बोटे आत १० सेंटीमीटरवर दोन खुणा करा आणि फूटपट्टीवर धरून सहज जाईल तेवढे ताणा. जबरदस्ती करू नका. १० चे १५ झाले तर ताण ५० टक्के. १३ झाले तर ३० टक्के. हीच तपासणी उभ्या बाजूनेही करा. दोन्ही बाजूंनी ताणणाऱ्या कापडाला बाजारात फोर-वे म्हणतात, एकाच बाजूने ताणणाऱ्याला टू-वे. नाचणाऱ्याच्या झग्याला फोर-वे घ्यावे.

दुसरी, परत येते का? ताणून काही क्षण धरा आणि सोडा. १० वर परत आले तर उत्तम. ११ वर थांबले तर तो माल घेऊ नका. पहिल्याच कार्यक्रमात गुडघ्यावर आणि बसायच्या जागी पिशव्या पडतील.

तिसरी, ताणल्यावर आरपार दिसते का? काळे कापड ताणल्यावर राखाडी झाले, पांढरे झाले, तर स्टेजच्या दिव्याखाली आतले सगळे दिसेल. कापड उजेडाकडे धरून ताणा आणि पाहा.

चमकीच्या म्हणजे सिक्विनच्या कापडाला चौथी तपासणी लागते. चमकी ज्या धाग्याने टाकलेली असते तो धागा ताणत नसेल तर खालचे लायक्रा कितीही चांगले असले तरी ताण अर्ध्यावर येतो. म्हणून चमकीसकट ताणून मोजा.

वजनाने घ्यायचे, मीटरने वापरायचे

लायक्रा अनेक ठिकाणी किलोने मिळते आणि येथेच नवा कारागीर फसतो. हिशेब सोपा आहे. कापडाचा जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममध्ये वजन. त्याला पन्ह्याने मीटरमध्ये गुणले की एका मीटर लांबीचे वजन निघते. २२० जीएसएम आणि पन्हा दीड मीटर असेल तर एका मीटरचे वजन ३३० ग्रॅम. म्हणजे किलोत सुमारे तीन मीटर. समजा भाव किलोला ६०० रुपये आहे, तर मीटर १९८ रुपयांना पडला. तेच कापड २५० जीएसएमचे निघाले तर मीटरचे वजन ३७५ ग्रॅम आणि भाव २२५ रुपये. भाव तोच, किलो तोच, परंतु मीटरमागे २७ रुपयांचा फरक. म्हणून दुकानदाराला भाव विचारण्याआधी जीएसएम विचारा.

पायघोळ झगा, पूर्ण बाही, दीड मीटर पन्हा, माणूस सहा फुटांचा आणि वर उंच टाचांची चप्पल, एवढ्याला सव्वा दोन मीटर धरावे. मखमलीला लव असते, तिचे सर्व तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. तेथे अडीच मीटर घ्या.

माप कसे घ्यावे?

कलावंत पूर्ण तयारीत असल्याशिवाय टेप उचलू नका. कॉर्सेट, पॅड, फोमच्या गाद्या, टाइट्स आणि ज्या चपला घालून स्टेजवर जायचे त्याच चपला. या गाद्या सोफ्याच्या फोमपासून कापलेल्या असतात. त्यांच्या कडा कात्रीने घासून पातळ केलेल्या आहेत की नाही ते पाहा. कडा जाड राहिली तर झग्यातून तिची रेघ उमटते आणि दोष शिंप्यावर येतो. तसे दिसले तर माप घेण्यापूर्वीच सांगा.

छाती, कमर, सीट यांच्याबरोबर आणखी मापे लागतात. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची लांबी घ्या. ही कमर म्हणजे कॉर्सेट जेथे सर्वांत आवळलेले आहे ती जागा. कमरेपासून गादीच्या सर्वांत फुगीर जागेपर्यंतची लांबी घ्या. तीरा, दंड, मनगट, गुडघा आणि खांद्यापासून जमिनीपर्यंतची उंची घ्या. पुरुषाचे धड लांब असते, बायकांच्या झग्याचा तयार फर्मा लावला तर कमर बरगड्यांवर येते.

वजाबाकी

आता मुख्य गोष्ट. ताण ५० टक्के असलेल्या कापडाला घेरात साधारण १० टक्के वजा करा. वरचेच माप घेऊ. छाती ४२, वजा ४.२, उरले ३७.८. कमर ३२, वजा ३.२, उरले २८.८. सीट ४४, वजा ४.४, उरले ३९.६. यांचे चार भाग करा. छाती ९.४५, कमर ७.२, सीट ९.९ इंच. प्रत्येक भागाला शिवणीचे पाव ते तीन अष्टमांश इंच मार्जिन द्या. ताण ३० टक्केच असेल तर वजाबाकी ५ टक्क्यांवर आणा. उंचीत वजाबाकी करू नका. चमकीचे वजन झग्याला खालीच ओढत असते.

यानंतर एक तपासणी केल्याशिवाय कात्री लावू नका. झग्याची सर्वांत अरुंद जागा शरीराच्या सर्वांत रुंद जागेवरून जाईल का? डोक्यावर विग आणि चेहऱ्यावर रंग असल्यामुळे हा झगा डोक्यातून घालता येत नाही, पायांतून वर ओढावा लागतो. म्हणजे २८.८ इंचांची कमर ४४ इंचांच्या गाद्यांवरून जायला हवी. २८.८ ला ५० टक्के ताण दिला तर ४३.२ होतात. ४४ होत नाहीत. झगा जाणारच नाही आणि जबरदस्तीने गेला तर काहीतरी तुटेल. येथे मागच्या बाजूला चेन देणे भाग आहे. मानेपासून गादीच्या फुगीर जागेपर्यंत, अर्धी नको. पहिल्या वेळी हा एक हिशेब केला असता तर माझे पैसे वाचले असते.

फर्मा आणि कटिंग

कमरेवर आडवा जोड देऊ नका. पुढचा भाग खांद्यापासून पायापर्यंत अखंड, मागचे दोन भाग चेनसाठी मध्यभागी जोडलेले. कमरेपासून सीटपर्यंतची गोलाई हळूहळू उतरवा, कोन पाडू नका.

रुंद खांदा अरुंद दिसण्यासाठी मुंढ्याची रेघ खांद्याच्या हाडापासून अर्धा इंच आत घ्या. गळा व्ही आकाराचा किंवा बंद उंच ठेवा. आडवा बोटीसारखा गळा खांदे आणखी रुंद दाखवतो. पूर्ण बाही दंडाचे स्नायू झाकते. गुडघ्याशी झगा अरुंद केला तर गुडघ्यापासून खाली घेर द्या किंवा चीर ठेवा. ज्याला पाऊल टाकता येत नाही तो नाचणार कसा?

तागा उलगडून कापड एक रात्र सपाट पडू द्या. गुंडाळीत ते ताणलेले असते, लगेच कापले तर शिवल्यावर आखडते. कापताना कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका. जास्त ताण देणारी बाजू नेहमी शरीराच्या भोवती यावी. चमकीचे कापड एकेरी थर ठेवून कापा आणि शिवणीच्या मार्जिनमधील चमक्या काढून टाका. ओव्हरलॉकच्या सुरीला चमकी लागली तर सुरी गेलीच म्हणून समजा. महाग कापडाला हात लावण्याआधी तेवढाच ताण असलेल्या स्वस्त लायक्रात एक ट्रायल शिवावी, हा खर्च वाया जात नाही.

शिलाई

कापड जेवढे ताणते तेवढी शिलाई ताणली पाहिजे. हे एक वाक्य मशीनवर लिहून चिकटवा.

सुई गोल टोकाची वापरा, जिला बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई म्हणतात. टोकदार सुई धागा बाजूला सारत नाही, भोसकते. त्या छिद्रातून पुढे कापड उसवत जाते. साध्या लायक्राला ११ नंबर, चमकीच्या जाड कापडाला १४ नंबर. चमकीवर सुई लवकर बोथट होते, एका झग्याला दोन-तीन सुया धरून ठेवा. धागा पॉलिएस्टरचा. सुती धागा तुटतो.

चार धाग्यांचे ओव्हरलॉक सर्वांत चांगले. शिवण लाटांसारखी होत असेल तर मशीनचे डिफरन्शियल फीड एकच्या वर न्या आणि पायाचा दाब कमी करा. हाताने कापड ओढू नका, मशीनला चालू द्या. ओव्हरलॉक नसेल तर झिगझॅग टाका द्या. रुंदी एक ते दीड मिलिमीटर, लांबी अडीच. टाका देऊन झाल्यावर शिवण हातात धरून पूर्ण ताणा. कड असा आवाज आला तर उसवा आणि पुन्हा शिवा. आपल्या दुकानात आवाज आलेला बरा.

दोन जागा मात्र ताणू द्यायच्या नाहीत. एक खांद्याची शिवण, तिच्यात न ताणणारी बारीक टेप घाला, नाहीतर झग्याच्या वजनाने खांदा दंडावर उतरतो. दुसरी चेनची जागा, तेथे कापडाच्या आतून चिकटपट्टी लावून मगच चेन बसवा. पट्टीशिवाय बसवलेली चेन सापासारखी नागमोडी दिसते. गळ्याला आतून रबरी टेप लावली तर गळा अंगाला चिकटून राहतो.

अस्तर लावायचे तर पॉवर नेटचे, आणि ते बाहेरच्या कापडाइतके किंवा त्याहून जास्त ताणणारे हवे. साधे सॅटिनचे अस्तर लावले की सगळी मेहनत व्यर्थ, कारण झगा अस्तराइतकाच ताणेल. स्टेजवर उकाडा फार असतो, म्हणून अस्तर फक्त वरच्या भागाला पुरे. चमकी अंगाला टोचते तेथे, काखेत आणि बाहीच्या आत, मऊ पट्टी द्या.

खालची दुमड लगेच मारू नका. झगा एक रात्र टांगून ठेवा, जेवढा लोंबायचा तेवढा लोंबू द्या. मग कलावंताला चपलांसह उभे करून लांबी कापा. दुमड फ्लॅटलॉकवर किंवा झिगझॅगने. घाई असेल तर साध्या लायक्राची कड न दुमडताही चालते, तिचे धागे निघत नाहीत.

ट्रायल

ट्रायलमध्ये आरशासमोर उभे करून समाधान मानू नका. हात वर करायला सांगा, खाली बसायला सांगा, जे नाचायचे ते नाचायला सांगा. हात वर केल्यावर झगा सगळा वर चढला तर मुंढा खोल आहे. मुंढा जितका काखेजवळ, तितका हात मोकळा. कमरेत आडव्या सुरकुत्या पडल्या तर लांबी जास्त आहे. सीटपासून तिरप्या रेघा ओढल्या गेल्या तर तेथे कापड कमी आहे.

मजुरी कशी लावावी?

अनेक कारागीर कापडाचा भाव पाहून मजुरी ठरवतात. ती पद्धत सोडा. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत, आपापल्या गावाचे आकडे घालावेत. कापड ४४६, अस्तर १५०, चेन-टेप-धागा-सुया १२०, ट्रायलचे कापड १६०, एकूण ८७६ रुपये. माप, फर्मा, कटिंग, शिलाई, दोन ट्रायल मिळून १२ तास, तासाला १२० प्रमाणे १,४४०. बेरीज २,३१६. जागा, वीज, मशीनची दुरुस्ती यांचे १० टक्के म्हणजे २३२. झाले २,५४८. त्यावर नफा २० टक्के, ५१०. एकूण ३,०५८ रुपये. अंगावरची चमकी हाताने टाकायची असेल तर जरीकाम आणि आरीकाम करणाऱ्यांचे तास वेगळे लिहा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि कार्यक्रमाची तारीख पावतीवर लिहा. स्टेजचा कपडा एक दिवस उशिरा दिला तर तो न दिल्यासारखाच आहे.

झगा देताना एका चिठ्ठीवर निगा लिहून द्या. थंड पाण्यात हाताने धुवावा, ब्लीच वापरू नये, गरम इस्त्री लावू नये, सावलीत वाळवावा. ब्लीच आणि उष्णता स्पॅन्डेक्सचा जीव घेतात.

शेवटची गोष्ट

काही बंधू विचारतील, हे काम आपण घ्यावे का? मी मुफ्ती नाही, कापडाचा व्यापारी आहे. ज्याचे मन मानत नाही त्याने पहिल्याच भेटीत अदबीने नकार द्यावा, गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवू नये. पण काम हातात घेतले तर ते मनापासून करावे आणि गिऱ्हाईकाची मजा उडवू नये. शिंप्यासमोर माणूस जसा उभा राहतो तसा तो फार थोड्या लोकांसमोर उभा राहतो. मापाची वही ही अमानत आहे. त्या तरुणाला कोणी पाहिले, त्याने काय घातले, हे दुकानाबाहेर जाता कामा नये. गिऱ्हाईकाच्या परवानगीशिवाय फोटो काढू नये.

तो तरुण आजही माझ्याकडूनच कापड नेतो आणि त्याच मास्टरांकडे शिवतो. मास्टरांनी आता त्यांच्या वहीत नवा रकाना पाडला आहे. डावीकडे अंगाचे माप, उजवीकडे तयारीचे माप आणि खाली, लाल शाईने, कापडाचा ताण. तीस वर्षांनंतर त्यांनी वही बदलली. ज्यांचे वय आज वीस-पंचवीस आहे त्यांनी पहिल्या दिवसापासूनच तशी वही ठेवावी. आजच एक मीटर स्वस्त लायक्रा आणा, फूटपट्टीवर धरा आणि १० सेंटीमीटरचे किती होतात ते पाहा. धडा तेथून सुरू होतो.